अरबी समुद्रातील कंदीलमासे

समुद्रात सुमारे २०० मीटरखाली वनस्पतींना अन्न तयार करण्यापुरताही सूर्यप्रकाश पोहोचत नाही. १००० मीटरखाली तर सूर्याचा किरणही नसतो. अरबी समुद्रात अंधाराच्या जोडीला आणखी एक अडचण आहे. येथे साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या थरात प्राणवायू अत्यल्प असतो. गोव्यातील दोनापावला येथे मुख्यालय असलेली, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या समुद्राचा अभ्यास करते.

अशा प्रतिकूल थरातही 'लँटर्नफिश' म्हणजे कंदीलमासे विपुल आढळतात. बोटभर लांबीचे हे मासे दिवसा खोल पाण्यात दडून राहतात आणि रात्री वर येऊन सूक्ष्म प्राणिप्लवकांवर उपजीविका करतात. त्यांचे मोठे डोळे अतिमंद निळसर प्रकाशही टिपतात. पोटाकडील प्रकाशग्रंथींत, काजव्याप्रमाणेच, रासायनिक क्रियेतून शीतल प्रकाश निर्माण होतो. वरून झिरपणाऱ्या अंधुक उजेडाशी तो जुळत असल्याने खालून पाहणाऱ्या शिकारी माशाला त्यांची सावली दिसत नाही. अशा प्रकारे प्रकाशच त्यांना लपवतो.

त्याहून खोल राहणाऱ्या अँगलरफिशची मादी डोक्यावरील आमिषात प्रकाशमान जिवाणू बाळगते व भक्ष्याला जवळ ओढते. इतर अनेक जीव वरून पडणाऱ्या मृत अवशेषांवर जगतात.

अंधारावर या जिवांनी मात केली आहे. मात्र तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यामुळे समुद्राची तापमानवाढ त्यांच्यासाठी अधिक गंभीर संकट ठरू शकते.