इनाम जमिनींतील खनिजहक्क
इनाम जमिनीच्या पोटातील दगड व खनिजे यांवरील स्वामित्व. मराठेशाहीतील सनदांत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप’ असा शब्दसमूह आढळतो. त्यातील ‘पाषाण’ हा खाणींवरील हक्काचा आधार होई. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने दुमाला नसलेल्या जमिनींतील खनिजहक्क सरकारकडे राखले. इनामांत सनद व वहिवाट यांनाच महत्त्व उरले. त्यामुळे पुण्याच्या पेशवे दप्तरातील जुन्या कागदांना मोल आले. तोंडी दिलेल्या खाणीचा हक्क शाबीत करणे मात्र कठीण होते. १९५२ च्या वैयक्तिक इनाम निर्मूलन अधिनियमाने इनामे नष्ट झाली. परंतु सनद, करार वा रूढी यांनी मान्य असलेला खनिजहक्क अबाधित राहिला. परिणामी जमीन एकाची व तीतील दगड दुसऱ्याचा, अशी स्थिती संभवली. महाराष्ट्रात असे उरलेले हक्क १९८५ च्या अधिनियमाने संपुष्टात आणले.