दिव्यांग, त्यांचे पालक व पुढारपणाचें शिक्षण

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गांवें मातीस मिळालीं. त्या हानीची हकीकत आपण पुष्कळदां ऐकली असेल. मला सांगावयाची आहे ती त्यानंतरची गोष्ट. घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमांत शेकडो गांवांतील साध्या गृहिणी ‘संवाद सहाय्यक’ म्हणून तयार करण्यांत आल्या. चावडीची पायरी ज्या क्वचितच चढल्या असतील, अशा ह्या स्त्रिया इंजिनियरास प्रश्न विचारूं लागल्या व शेजारणीस तिचें अनुदान समजावून देऊं लागल्या. पुढारपण शिकतां येतें, हें लातूरकरांस निराळें सांगावयास नको.

हेंच शिक्षण नांदेड-लातूरकडील दिव्यांगांस व त्यांच्या आईबापांस आज हवें आहे. कारण कायदा त्यांच्या पुढें निघून गेला आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाचेंच पहा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेलें मूल अठरा वर्षांचें झालें, म्हणजे त्याच्या पालकत्वाचा निर्णय जिल्ह्याची स्थानिक समिति करते. तींत एक जिल्हाधिकारी, दुसरा नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधि आणि तिसरी स्वतः दिव्यांग व्यक्ति. अशा संस्थांत पालकांच्या संघाचीही गणना कायद्यानें स्पष्टपणें केली आहे. म्हणजे हे दोघे तेथें दयेनें बोलावलेले पाहुणे नव्हेत, हक्काचे सभासद होत.

परंतु किनवटच्या आडवळणी गांवांतून आलेली आई त्या कचेरींत काय बोलणार? अर्ज लिहिणें, त्याची पोंच मागणें, इतिवृत्तांत आपलें म्हणणें नोंदवून घेणें, हें कोणी शिकविल्यावांचून येत नाहीं. ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांसाठीं खर्चावयाचे असतात. ते कोठें गेले, हें ग्रामसभेंत विचारावयास धीर लागतो, व हिशेबही कळावा लागतो. आमच्याकडे पुढारपण म्हणजे व्याख्यान, अशी एक समजूत आहे. मला तर पोंचपावत्या जपून ठेवणारी आई अधिक मोठी पुढारी वाटते.

एक गोष्ट मात्र राहिली. 19 एप्रिल 2017 पासून अंमलांत आलेल्या दिव्यांग हक्क अधिनियमानें पालकत्व मर्यादित केलें. निर्णय त्या व्यक्तीशीं विचारविनिमय करून, दोघांनीं मिळून घ्यावयाचा. मुलाच्या वतीनें बोलण्याची वर्षांनुवर्षें संवय झालेल्या आईबापांस शिक्षणाचा हा भाग सर्वांत जड जाईल, असें मला वाटतें.