भाड्यापुरते पैसे : पळणाऱ्या स्त्रियांच्या गुन्हेपटांकडे जाताना

गुन्हेपटाचा अभ्यास म्हटला की आधी गुंड आठवतो, मग पोलीस, मग शहर. धंद्यातली बाई आठवलीच तर एखाद्या गाण्यापुरती, नाहीतर तपासाला सुरुवात करून देणाऱ्या प्रेतापुरती. ज्या चित्रपटांत हीच बाई जिवाच्या भीतीने पळते आणि कॅमेरा गुंडाला सोडून तिच्याबरोबर राहतो, त्यांचा प्रांत लहान आहे आणि मराठीत त्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. या प्रांतात यायला सिनेमाशास्त्राची पदवी लागत नाही. थोडा हिशेब मात्र यावा लागतो. तो कसला, हे एका चित्रपटावरून सांगतो.

पॉल अँड्र्यू विल्यम्स या दिग्दर्शकाचा पहिला मोठा चित्रपट, ‘लंडन टू ब्रायटन’ (2006). पहाटेचे तीन वाजून गेलेले. एका सार्वजनिक स्वच्छतागृहात दोघी धडकतात : डोळा सुजलेली केली आणि रडून बेजार झालेली, अकरा-बारा वर्षांची जोॲन. केली रस्त्यावर धंदा करते. जोॲन घरातून पळून आलेली. डेरेक नावाच्या दलालाला एका धनाढ्य म्हाताऱ्या गुंडाकडून ‘कोवळ्या’ मुलीची मागणी आली, त्याने ते काम केलीवर लादले आणि केलीने ही भुकेली पोर शोधून आणली. त्या घरात पुढे काय झाले ते आपल्याला तुकड्यातुकड्यांत कळते. मुलीची किंकाळी ऐकून केली आत घुसली आणि म्हातारा मेला. आता त्याचा मुलगा स्टुअर्ट डेरेकला जखमी करून दोघींच्या मागावर पाठवतो.

केली निष्पाप नाही. मुलीला तिनेच तिथे नेले होते. हलक्या दर्जाच्या पटकथाकाराने हा भाग दुसऱ्या कुणावर ढकलून नायिकेला स्वच्छ ठेवले असते. विल्यम्सने तसे केले नाही, म्हणून पुढचा प्रत्येक प्रसंग दुहेरी होतो : केली मुलीला वाचवते आहे आणि स्वतःच्या कृत्यापासूनही पळते आहे. मुलीवरच्या अत्याचाराचे दृश्यही तो प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे मांडून ठेवत नाही. त्याआधीचे आणि नंतरचे चेहरे दाखवतो. या विषयावरच्या चित्रपटाची लायकी जोखायची असेल तर कॅमेरा कुठे थांबला हे आधी बघावे, असे माझे मत आहे.

लंडन ते ब्रायटन हे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर, आगगाडीने जेमतेम तासाभराचे. पुण्याहून लोणावळ्याच्या थोडे पुढे जावे एवढेच. अमेरिकी चित्रपटातले फरारी मोटार काढतात आणि राज्यामागून राज्ये ओलांडतात. या दोघी तासाभरावर जाऊन थांबतात, कारण पुढे जायला पैसे नाहीत. जे आहेत तेही कसे आले? मुलीला बंद दाराआड बसवून केली बाहेर पडते, गिऱ्हाईक शोधते आणि तिकिटापुरते कमावून आणते. ज्या धंद्यातून पळायचे, त्याच धंद्याने पळण्याचे भाडे भरायचे. या चित्रपटातला खरा थरार मला पाठलागापेक्षा या हिशेबात दिसतो.

म्हणून नव्या अभ्यासकाला माझे सांगणे एवढेच की खून कुणी केला हे बाजूला ठेवा आणि पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेला ते वहीत मांडत चला. तिकीट कुणी काढले? खोलीचे भाडे कुणी दिले? कागदपत्रे कुणाकडे आहेत? लुकास मूडीसनच्या ‘लिल्या फॉरएव्हर’मध्ये (2002) परक्या देशात उतरताच मुलीचा पासपोर्ट काढून घेतला जातो आणि तिथेच कथा संपल्यात जमा होते. पुढे ती दार उघडून पळते, पण जायचे कुठे याला उत्तर नसते.

या बायका पोलिसांकडे का जात नाहीत, हा प्रश्न प्रत्येक नवा प्रेक्षक विचारतो, आणि त्याचे उत्तर पडद्याबाहेर, कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये शरीरविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे मात्र गुन्हा आहे, आणि दोघींनी सोबतीसाठी एकाच घरात धंदा केला तर ते घर कुंटणखाना ठरू शकते. म्हणजे कायद्यात राहायचे तर एकटे राहा आणि एकटे राहिलात तर मार खा. आपल्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्यातही दोन किंवा अधिक स्त्रियांच्या परस्पर लाभासाठी वापरलेली जागा कुंटणखान्याच्या व्याख्येत बसते. गंमत म्हणजे भारताचा हा कायदा 1956 चा आणि ब्रिटनचा लैंगिक गुन्ह्यांचा जुना कायदाही 1956 चाच. त्याच वर्षी जपानी संसदेने वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा संमत केला, आणि त्याच्या जेमतेम दोन महिने आधी केंजी मिझोगुचीचा अखेरचा चित्रपट ‘अकासेन चिताई’ प्रदर्शित झाला होता. त्यात संसदेत विधेयकाचा खल चालू असताना योशिवारा या वेश्यावस्तीतल्या एका घरातल्या बायका आपापले कर्ज मोजत बसतात. गुन्हेपट नाही तो, पण वही मांडायला शिकायचे तर त्याच्यासारखा शिक्षक नाही.

ब्रायटनविषयी दोन शब्द. लंडनकरांचे हे हवापालटाचे ठिकाण इंग्रजी गुन्हेकथेत जुने आहे. ग्रॅहम ग्रीनची ‘ब्रायटन रॉक’ 1938 ची आणि तिच्यावरचा चित्रपट 1947 चा. नील जॉर्डनच्या ‘मोना लिसा’त (1986) ड्रायव्हर जॉर्ज धंद्यातल्या सिमोनच्या हरवलेल्या तरुण सोबतिणीला सोडवून दोघींना तिथेच नेतो आणि शेवटचा गोळीबारही तिथेच होतो. फरक असा की ‘मोना लिसा’ आपण जॉर्जच्या डोळ्यांनी पाहतो. त्याला सिमोन कळत नाही, म्हणून आपल्यालाही ती शेवटपर्यंत अर्धीच कळते. जॉर्जच्या भूमिकेतला बॉब हॉस्किन्सचा अभिनय इतका जिवंत आहे की ही उणीव बराच वेळ लक्षात येत नाही. केलीच्या बाबतीत असा मध्यस्थ नाही, पण तिची सुटका शेवटी होते ती स्टुअर्टच्या मर्जीने. मुलीकडून बापाची करणी ऐकल्यावर तो दोघींना सोडतो आणि डेरेकला मारतो. न्याय येतो तोही पैसेवाल्याच्या हातून.

एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. अशा चित्रपटांतली बाई बहुतेकदा मार खाते, पळते किंवा मरते. मग धंद्यातली प्रत्येक बाई कुणीतरी सोडवण्याचीच वाट बघते आहे, असा समज पक्का होतो. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतल्या स्त्रिया छापे घालून केलेल्या सक्तीच्या ‘सुटके’ला वर्षानुवर्षे विरोध करत आल्या आहेत. छाप्यात धरलेल्या बाईची रवानगी सुधारगृहात होते आणि अनेकदा तिला तिथूनही पळावेसे वाटते. त्या पळण्यावर कुणी थरारपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही. जोॲनसारख्या अल्पवयीन मुलीची गोष्ट वेगळी, तिथे संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. पण मूल आणि प्रौढ स्त्री यांना एकाच मापाने मोजणारा चित्रपट दिसला की मी सावध होतो.

सुरुवात कुठून करावी? ‘लंडन टू ब्रायटन’, मग ‘मोना लिसा’, आणि त्यानंतर लगेच प्रभातचा ‘माणूस’ (1939). व्ही. शांतारामांच्या या चित्रपटात गणपत हवालदार छाप्यात सापडलेल्या मैनेला वाचवतो. सुटकेचे सगळे साहित्य हाताशी आहे : भला पोलीस, लग्नाची बोलणी, सोज्वळ सासू. तरी पैशासाठी छळणारा मामा तिचा पत्ता काढतोच. तिच्या हातून त्याचा खून होतो. गणपत तिला पळवून न्यायला तयार असतानाही मैना शिक्षा पत्करते. हे तिन्ही चित्रपट ओळीने पाहणाऱ्याने मैनेचा नकार केलीच्या पळण्याशेजारी ठेवून बघावा, आणि दोघींपैकी कुणाच्या हाती भाड्यापुरते पैसे होते तेही वहीत लिहावे.