मातृपोषण अभ्यास, पुणे
गर्भावस्थेतील परिस्थितीचा मुलांच्या वाढीवर व पुढील आरोग्यावर होणारा परिणाम पाहण्यासाठी पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेला दीर्घकालीन अभ्यास. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांच्या साहाय्याने तो हाती घेतला.

पार्श्वभूमी : बालकाची वाढ आनुवंशिकता व जन्मोत्तर संगोपन यांवरच अवलंबून असते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. जन्मतः कमी वजन असलेल्यांत प्रौढपणी हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, असे इंग्लंडमधील जुन्या जन्मनोंदींच्या आधारे डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखविले. त्यामुळे मातेचे शरीर हाच बालकाचा पहिला परिसर होय, या विचारास चालना मिळाली. भारतात जन्मवजन कमी आणि मधुमेह मात्र वाढता असल्याने हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरला.

पद्धती : जुन्या नोंदींवर विसंबून न राहता गर्भधारणेपूर्वीपासूनच निरीक्षणे करण्यात आली. विवाहित स्त्रियांच्या घरी दरमहा भेट देऊन मासिक पाळीच्या तारखा नोंदल्या जात. त्यामुळे गर्भधारणा लवकर कळे. गर्भारपणाच्या सु. १८ व्या व २८ व्या आठवड्यांत आहार, श्रम व रक्तातील घटक तपासण्यात आले. जन्मलेल्या मुलांची मोजमापे नियमितपणे घेण्यात आली आणि ६, १२ व १८ वर्षे वयाच्या सुमारास त्यांची सविस्तर तपासणी झाली.

निष्कर्ष : नवजातांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. होते, साउथॅम्प्टन येथील नवजातांचे सु. ३·५ किग्रॅ. होते. पुण्याच्या बालकांत स्नायूंची वाढ कमी, परंतु चरबी त्या मानाने टिकून राहिलेली दिसली. बाह्यतः कृश असलेल्या या बालकांना ‘कृश-मेदयुक्त’ म्हटले जाते. हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बालके वजनाने अधिक, तर शेतीची व घरची कष्टाची कामे अधिक करणाऱ्या मातांची बालके लहान आढळली. सु. दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी होते. मुख्यत्वे शाकाहारी आहार आणि दुधाचे अल्प सेवन ही त्याची प्रमुख कारणे होत, कारण हे जीवनसत्त्व नैसर्गिक रीत्या प्राणिज पदार्थांतूनच मिळते. फॉलिक अम्लाची न्यूनता मात्र जवळजवळ नव्हती. ब१२ कमी व फॉलिक अम्ल अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलीन-रोध सर्वाधिक दिसला (२००८).

महत्त्व व मर्यादा : निरीक्षणांतून संबंध कळतो, कार्यकारणभाव सिद्ध होतोच असे नाही. म्हणून याच मुलामुलींना किशोरवयात ब१२ पूरक स्वरूपात देऊन त्यांच्या पुढील पिढीवर होणारा परिणाम पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू करण्यात आला. गर्भारपण लक्षात येईपर्यंत गर्भाच्या अवयवांची घडण सुरू झालेली असते. त्यामुळे गर्भवतीस उशिरा दिलेली गोळी पुरेशी ठरेलच असे नाही. भावी मातापित्यांचे, विशेषतः मुलींचे, पोषण विवाहापूर्वीच सुधारणे आणि गर्भवतीच्या श्रमांचा भार हलका करणे, ही बालआरोग्याचीच कामे ठरतात, हे या अभ्यासाने लक्षात आणून दिले.