1975 सालच्या दोन तारखा आणि धारणी तालुका

आजचा विषय आहे टेलिमेडिसिन आणि कुपोषण, पण सुरुवात मी दोन जुन्या तारखांनी करणार आहे. 1 ऑगस्ट 1975 आणि 2 ऑक्टोबर 1975. मध्ये फक्त दोन महिने.

पहिल्या तारखेला ‘साइट’ सुरू झाला, म्हणजे उपग्रहावरून थेट खेड्यात टीव्ही पोचवण्याचा प्रयोग. उपग्रह नासाचा, एटीएस-6. कार्यक्रम आपले. सहा राज्यांतली सुमारे 2400 गावं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, सार्वजनिक टीव्ही संच आणि समोर अख्खं गाव. कल्पना विक्रम साराभाईंची, पण ते 1971 मध्येच गेले. पुढची धुरा यशपाल आणि आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी वाहिली. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, आणि हो, आहारसुद्धा, असे विषय होते. अडचण एकच, बोलणं एकाच बाजूनं. समोर बसलेल्या बाईला उलट विचारता येत नव्हतं की, बाबा रे, माझं पोर घासच घेत नाहीये, त्याचं काय करू? 31 जुलै 1976 ला प्रयोगाचं वर्ष संपलं आणि नासानं आपला उपग्रह परत नेला.

दुसऱ्या तारखेला, गांधीजयंतीला, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आपण जिला अंगणवाडी म्हणून ओळखतो ती. देशभरात 33 प्रकल्प. महाराष्ट्राच्या वाट्याला दोन आले, मुंबईतली धारावी आणि मेळघाटातली धारणी. (नावं इतकी सारखी की मला आधी छपाईची चूक वाटली होती!)

म्हणजे बघा, एका योजनेनं चित्र पाठवलं, दुसरीनं खाऊ पाठवला. दोन्हींत डॉक्टर कुठे होता?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते 1993 मध्ये कळलं. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. तेव्हा धारणीतल्या अंगणवाडी योजनेला अठरा वर्षं झाली होती. मग खाऊ पोचतच नव्हता का? काही ठिकाणी नसेलही. पण मला वाटतं, आपण तिथेच अडकून पडतो. तीव्र कुपोषित मूल बहुतेक वेळा नुसत्या भुकेनं जात नाही, न्यूमोनियानं जातं, हगवणीनं जातं. आणि अशा मुलाला एकदम पोटभर खाऊ घालणंही जिवावर बेतू शकतं. आधी अंगातली ऊब आणि साखर सांभाळायची, जंतुसंसर्गावर औषध द्यायचं, थोडं थोडं भरवायचं आणि मग हळूहळू वाढवायचं. हे ठरवायला वैद्यकीय नजर लागते. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, दवाखाना आरोग्य खात्याचा. आणि धारणीहून अमरावती घाटरस्त्यानं सुमारे दीडशे किलोमीटर.

टेलिमेडिसिनची गोष्ट तिकडे वेगळ्याच वाटेनं चालली होती. 2000 च्या आसपास चित्तूर जिल्ह्यातलं अरगोंडा गाव चेन्नईच्या मोठ्या रुग्णालयाशी जोडलं गेलं. पुढे इस्रोनं उपग्रहावरून जिल्ह्याजिल्ह्यांतली रुग्णालयं जोडायला घेतली. पण ते प्रामुख्यानं तज्ज्ञांचं काम होतं, ईसीजी, एक्स-रे वगैरे. ताटाचा विषय त्यात फारसा नव्हता.

त्यामुळे 2016 मध्ये धारणी तालुक्यातलं हरिसाल ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहीर झालं आणि त्यात टेलिमेडिसिनही आहे असं वाचलं, तेव्हा मी चमकलो. चित्र आणि खाऊ, चाळीस वर्षांनी एकाच तालुक्यात! कौतुक पुष्कळ झालं, फोटोही छापून आले. पण पडद्यापलीकडचा डॉक्टर करतो काय, हे कुणी फार विचारलं नाही.

तर ते सांगतो. दंडाचा घेर मोजायची एक साधी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला की तीव्र कुपोषण. दोन्ही पावलं अंगठ्यानं काही क्षण दाबायची, खड्डा राहिला तर सूज. मग भुकेची चाचणी, पोषक आहार समोर ठेवायचा आणि मूल खातंय का ते बघायचं. खातंय आणि दुसरा आजार नाही, तर गावातच उपचार होऊ शकतात. खात नसेल, ताप असेल, सूज असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल. तिथं साधारण चौदा दिवस. कोरकू घरातल्या आईसाठी चौदा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी आणि घरी ठेवलेली बाकीची पोरं. म्हणून ‘हिला न्यायलाच हवं’ आणि ‘ही इथेच बरी होईल’ यातला फरक वेळेवर कळणं हाच सगळा खेळ आहे. पडद्यापलीकडचा डॉक्टर तो फरक सांगू शकतो, पण पाऊल दाबायला अंगठा इथलाच लागतो.

मध्ये एक अडथळा कायद्याचा होता. 2018 मध्ये रत्नागिरीतलं एक प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर फोनवरून सल्ला द्यायला पुष्कळ डॉक्टर धजेनात. टेलिमेडिसिनची रीतसर नियमावली आली ती 25 मार्च 2020 ला, करोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. त्याआधी 2019 मध्ये ‘ई-संजीवनी’ सुरू झाली होती. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी मुलाला समोर घेऊन बसतो, पलीकडून डॉक्टर विचारतो. 1975 मधल्या त्या बाईचा प्रश्न आता विचारता येतो, अर्थात रेंज असेल तर. मेळघाटात डोंगराआड गेलं की ती जाते.

आणि मुलाचं वजन? ते अंगणवाडीताईच्या मोबाइलवर, 2021 मध्ये आलेल्या पोषण ट्रॅकरमध्ये. डॉक्टरचा सल्ला ई-संजीवनीत. दोन ॲप, दोन खाती. अंगणवाडीतून उपकेंद्रापर्यंत मुलाला घेऊन जायला सांगणारी, आईची समजूत काढणारी, परत आल्यावर चार दिवसांनी दंडाची पट्टी घेऊन पुन्हा घरी जाणारी बाई मात्र एकच असते, कधी ताई, कधी आशा. पुढच्या भागात तिच्याविषयी, म्हणजे आशा कार्यकर्तीच्या मानधनाच्या इतिहासाविषयी बोलू.