त्रेगिएच्या ओवऱ्या: दगडी चौक, त्रैभाषिक कोश आणि विस्मरण

'क्लोआत्र' या फ्रेंच शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. बंदिस्त जागा या अर्थाच्या लॅटिन 'क्लाउस्त्रुम'पासून आलेला हा शब्द, चर्चला लागून असलेल्या आणि चारी बाजूंनी कमानीदार, आच्छादित मार्गांनी वेढलेल्या चौकाला लावला जातो. मराठी वाचकाच्या मनात अशा वेळी देवळाच्या प्राकारातील ओवऱ्या किंवा चौसोपी वाडा उभा राहतो. ही प्रतिमा उपयुक्त आहे, तशीच ती फसवीही आहे. ओवरी ही वाटसरूच्या आणि यात्रेकरूच्या आश्रयाची जागा; क्लोआत्र ही आतल्यांची, बाहेरच्या जगाला पाठ करून बसलेली जागा. ब्रिटनीमधील त्रेगिए या गावातील क्लोआत्राकडे पाहताना मात्र हा भेद पुन्हा तपासावा लागतो. या वास्तूचा इतिहास तेथील भाषांच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्रेगिए हे ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्याजवळ, झोदी आणि गँदी या नद्यांच्या संगमाशी वसलेले लहानसे गाव आहे. संत त्युगदुआल यांच्या नावाच्या येथील कॅथीड्रलचे बांधकाम 1339 मध्ये सुरू झाले. त्याच्या उत्तरेला असलेले क्लोआत्र 1450 ते 1468 या काळातले, म्हणजे गॉथिक शैलीच्या अखेरच्या पर्वातले. ग्रॅनाइट हा कोरीव कामाला सहजी न वळणारा दगड. तरीही त्यातून घडवलेल्या कमानींचे जाळीकाम विलक्षण हलके वाटते. मार्गांवरील छत दगडी घुमटाचे नसून लाकडी आहे. चौकातून वर पाहिले की कॅथीड्रलचा जुना, रोमनेस्क शैलीतील 'हेस्टिंग्जचा मनोरा' दिसतो आणि दोन शैलींमधील काळाचे अंतर एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. भिंतींलगत सरदारांच्या आणि धर्मगुरूंच्या शयनमूर्ती ओळीने ठेवल्या आहेत. परिसरातील पडझड झालेल्या धर्मस्थळांतून त्या येथे आणल्या गेल्या. आपापल्या थडग्यांपासून तुटलेल्या या मूर्तींमुळे चौकाला आज एखाद्या दगडी संग्रहालयाचे रूप आले आहे.

हे क्लोआत्र संन्यस्त भिक्षूंचे नव्हते, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. ते बिशपच्या पीठाशी निगडित असलेल्या कॅननांचे, म्हणजे धर्मगुरुमंडळाचे होते. लॅटिन ही या मंडळाची धर्मभाषा. भोवतालच्या लोकांची बोली मात्र ब्रेटन, ही वेल्श आणि कॉर्निश यांच्या कुळातली केल्टिक भाषा. या दोहोंमधील दरी बुजवण्याचा एक प्रयत्न क्लोआत्राचे बांधकाम चालू असतानाच झाला. 1464 मध्ये याच धर्मप्रांतातील जाँ लागादक या धर्मगुरूने 'काथोलिकोन' नावाचा ब्रेटन-फ्रेंच-लॅटिन कोश रचला. 1499 मध्ये तो त्रेगिए येथेच छापला गेला. ब्रेटनचा तो पहिला कोश होय. फ्रेंचचाही तो पहिला कोश मानला जातो.

तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने या कोशाची रचना अर्थपूर्ण आहे. लॅटिन शिकू पाहणाऱ्या गरीब ब्रेटन धर्मविद्यार्थ्यांसाठी तो होता. म्हणून त्यात नोंदशब्द ब्रेटन आहे, त्यानंतर फ्रेंच आणि शेवटी लॅटिन. ध्येय लॅटिनचे असले तरी प्रवेशद्वार लोकभाषेचे आहे. मराठी वाचकाला या संदर्भात शिवकालीन 'राजव्यवहारकोशा'चे स्मरण होईल. तेथे फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. हेतू राज्यकारभाराचा होता. दोन्ही कोशांत अभिजात भाषेकडे जाणारी वाट आहे. परंतु एकात रूढ शब्द पायरी म्हणून टिकतो, तर दुसऱ्यात त्याला बाजूला सारण्याची अपेक्षा असते.

1532 मध्ये ब्रिटनीचे फ्रान्सशी विलीनीकरण झाले. पुढे राज्यक्रांतीने 1790 मध्ये त्रेगिएचे बिशपपीठ संपुष्टात आणले आणि 1794 मध्ये सैनिकांनी कॅथीड्रलची नासधूस केली. अशा अधिकार गमावलेल्या गावात 1823 मध्ये एर्नेस्त रनाँ जन्मला. येथील धार्मिक विद्यालयात शिकून तो 1838 मध्ये पॅरिसला गेला आणि 1845 मध्ये त्याने धर्मगुरू होण्याचा मार्ग सोडला. केल्टिक काव्यावरील त्याच्या 1854 च्या निबंधाने मॅथ्यू अर्नल्डलाही प्रेरणा दिली. परंतु 1882 च्या 'राष्ट्र म्हणजे काय?' या व्याख्यानात त्याने राष्ट्राचा आधार वंश वा भाषा नसून सामाईक स्मृती, सहजीवनाची इच्छा आणि काही गोष्टींचे विस्मरण हा असल्याचे मांडले. भाषिक ऐक्यासाठी फ्रान्सने कधी सक्ती केली नाही, असेही त्याने गौरवाने सांगितले.

या विधानाची परीक्षा त्याच्याच गावात झाली. 1902 मध्ये पंतप्रधान एमिल कोंब यांच्या शासनाने धर्मोपदेशात आणि धर्मशिक्षणात ब्रेटनच्या वापराविरुद्ध आदेश काढला. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, त्याच कोंब यांनी त्रेगिएच्या कॅथीड्रलसमोर रनाँच्या पुतळ्याचे अनावरण केले. श्रद्धाळूंनी 1904 मध्ये निषेध म्हणून क्रूसशिल्प उभारले. हा संघर्ष धर्म आणि बुद्धिवाद यांमधला म्हणून सांगितला जातो. त्यात भाषेचा प्रश्नही गुंतलेला होता, हे सहसा सांगितले जात नाही.

भारतीय वाचकासाठी हा विषय परका नाही. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या 1940 च्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रनाँच्याच विस्मरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन, हिंदू आणि मुसलमान आपापला भूतकाळ विसरू शकतील काय, असा प्रश्न विचारला. आंबेडकरांनी विस्मरणाची शक्यता तपासली. त्रेगिए आपल्याला विस्मरणाची किंमत दाखवते. 2024 च्या पाहणीनुसार ब्रेटन बोलणारे सुमारे 1 लाख 7 हजार उरले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य वृद्ध आहेत.

क्लोआत्राच्या दगडांची आज निगुतीने जपणूक होते. ज्या लोकभाषेला तेथील विद्येने एके काळी नोंदशब्दाचे स्थान दिले, तिला तसे संरक्षण फार उशिरा आणि अपुरे लाभले. कोणते विस्मरण परस्परसंमतीचे आणि कोणते लादलेले, हा भेद रनाँच्या सिद्धान्तात पुरेसा स्पष्ट होत नाही. तो भेद करणे ही तौलनिक साहित्याभ्यासाची जबाबदारी आहे. त्यासाठी वास्तू, कोश आणि व्याख्यान ही तिन्ही साधने एकत्र वाचावी लागतील.