अपरिहानीय धम्म आणि उद्याचा बौद्ध समाज

मगधराज अजातशत्रूला वज्जींचे गणराज्य जिंकावयाचे होते. स्वारी करण्यापूर्वी त्याने वस्सकार नावाच्या आपल्या महामात्याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठविले. या मोहिमेविषयी तथागत काय म्हणतात ते नीट ऐकून येण्याची त्याला आज्ञा होती. महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ या प्रसंगाने होतो.

तथागतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिले नाही. वज्जींजवळ हत्ती किती, रथ किती, कोठारात धान्य किती, याचीही विचारपूस केली नाही. मागे उभे राहून वारा घालीत असलेल्या आनंदाला त्यांनी सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवितात काय? ते एकोप्याने जमतात, एकोप्याने उठतात आणि एकोप्याने कामे करतात काय? स्वतः ठरविलेले नियम ते पाळतात काय? वडीलधाऱ्यांचा मान राखतात काय? स्त्रियांवर व मुलींवर ते जबरदस्ती तर करीत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा आदर करतात काय? अर्हतांना त्यांच्या राज्यात संरक्षण मिळते काय? जोवर या सात गोष्टी टिकून आहेत, तोवर वज्जींची वृद्धीच होईल, हानी होणार नाही, असा निर्वाळा तथागतांनी दिला. यांनाच सात अपरिहानीय धम्म म्हणतात.

हा संवाद आपण अनेकदा वाचतो. परंतु त्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही. येथे प्रश्न भविष्याचा आहे आणि उत्तर आचाराचे आहे. एखाद्या समाजाचे पुढे काय होणार, हे ग्रह-नक्षत्रांवरून किंवा केवळ त्याच्या संख्याबळावरून समजत नाही. तो समाज रोजच्या व्यवहारात काय करतो, कोणत्या सवयी जोपासतो आणि कोणत्या टाकतो, यावरून ते समजते. प्रस्तुत लेखात याच कसोटीवर महाराष्ट्रातील बौद्ध समाजाचा गेल्या शंभर वर्षांचा प्रवास तपासून पाहावयाचा आहे.

परंपरा कोणाची?

येथे एक शंका उपस्थित होते. तथागतांनी वज्जींना त्यांचे जुने नियम न मोडण्याबद्दल प्रशंसिले. मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शतकानुशतकांच्या रूढी मोडावयास सांगितल्या, हे त्या उपदेशाशी विसंगत नाही काय?

विसंगती नाही, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. वज्जींचे नियम वज्जींच्याच सभेने केलेले होते. अस्पृश्यांवरील रूढी मात्र त्यांच्या कोणत्याही सभेने ठरविलेल्या नव्हत्या. वेसकराच्या हातातील घुंगुरकाठी, मेलेले जनावर ओढण्याचे काम, दारोदार मागून आणलेली शिळी भाकर, स्त्रियांनी कोणते दागिने घालावेत आणि लुगडे कसे नेसावे याचे दंडक, हे सर्व गावाने लादलेले होते. तेव्हा रूढी जुनी की नवी, हा खरा प्रश्नच नव्हे. ती आपल्या विवेकाने आणि आपल्या सभेत ठरली आहे, की दुसऱ्याने लादली आहे, हा खरा प्रश्न आहे.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे ही परिषद इतिहासात अमर झाली. परंतु तळ्याकडे जाण्यापूर्वी त्या मंडपात जे बोलले गेले, तेही तितकेच क्रांतिकारक होते. मृत जनावरांचे मांस खाऊ नका, उष्टे मागू नका, मुलांना शिकवा, असे बाबासाहेबांनी तेथे बजाविले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेच्या निमित्ताने आलेल्या स्त्रियांशीही बाबासाहेब स्वतंत्रपणे बोलले. पोशाखावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येणार नाही असे राहा, हा त्या भाषणाचा आशय होता. एका बाजूला एक धर्मग्रंथ जळत होता आणि दुसऱ्या बाजूला लुगडे नेसण्याची पद्धत बदलत होती. या दोन्ही कृती एकाच लढ्याच्या दोन बाजू होत.

कायद्याच्या आधी आचार

पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महार वतनाच्या गुलामगिरीतून माणसे मोकळी व्हावीत, हा त्याचा हेतू होता. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. तो प्रत्यक्ष अंमलात आला १९५९ मध्ये. म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

या मधल्या तीस वर्षांत काय घडले? गावोगावच्या माणसांनी कायद्याची वाट पाहिली नाही. कोणी मेलेले ढोर ओढण्यास नकार दिला, कोणी बलुते मागणे सोडले, कोणी वतनाची आशा टाकून मुंबईची गिरणी किंवा नागपूरची वाट धरली. या नकाराची किंमतही मोठी होती. बहिष्कार पडले, पाणी तोडले गेले, शेतातली कामे बंद झाली, मारहाण झाली. तरीही नकार टिकला. कायद्याने १९५९ मध्ये ज्या प्रथेचे मरण नोंदविले, ती प्रथा कित्येक गावांत माणसांनी आधीच मारली होती.

या काळात विचार खेड्यापर्यंत कोणी नेला? वृत्तपत्र वाचू शकणारी माणसे थोडी होती. सत्यशोधकी जलशाच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या आंबेडकरी जलशाने हे काम केले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातील आशय पालटला. करमणुकीच्या फडात प्रबोधन उभे राहिले. पुढे वामनदादा कर्डक यांनी (१९२२–२००४) गीतांतून हेच कार्य अखंड चालविले. प्रौढ वयात अक्षरओळख झालेला हा माणूस हजारो निरक्षरांचा शिक्षक झाला. 

स्त्रियांचा वाटाही येथे स्पष्टपणे नोंदविला पाहिजे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेस हजारो स्त्रिया जमल्या. समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. या स्त्रियांचे कार्य पुष्कळ काळ कागदावर आलेच नव्हते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वृद्ध कार्यकर्त्यांना भेटून त्यांच्या आठवणी संकलित केल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाचे नाव हेच त्याचे प्रतिपादन आहे.

धम्मदीक्षा आणि घरातील क्रांती

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा. मधली एकवीस वर्षे ही बाबासाहेबांच्या अभ्यासाची वर्षे होती, तशीच समाजाच्या तयारीचीही होती. जुन्या आचाराची वीण आधीच सैल झाली नसती, तर एका सकाळी लक्षावधी माणसे त्रिशरण आणि पंचशील ग्रहण करून बावीस प्रतिज्ञा उच्चारू शकली नसती.

दीक्षेनंतर काही दिवसांतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मार्गदर्शक गेला, शिकविण्यास भिक्खू फार थोडे, विहारे तर जवळजवळ नाहीतच. बाहेरच्या निरीक्षकास असे वाटणे स्वाभाविक होते की हा नवा धर्म काही वर्षांत ओसरून जाईल. तसे झाले नाही. घराघरांतील देव्हारे रिकामे झाले, देवतांच्या मूर्ती नदीत व विहिरीत विसर्जित झाल्या. मुहूर्त आणि भटजी यांवाचून, शुभ्र वस्त्रांत, तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर विवाह होऊ लागले. धोंड्या, कचऱ्या, दगडू या नावांच्या जागी सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा ही नावे आली. लेकराला हाक मारताना आईच्या तोंडून रोज बुद्धाचा काळ उच्चारला जाऊ लागला. हे बदल कोणत्याही सरकारी आदेशाने झाले नाहीत.

जनगणनेचे आकडे या घरगुती क्रांतीची साक्ष देतात. १९५१ मध्ये देशातील बौद्धांची संख्या दोन लाखांच्या आत होती. १९६१ मध्ये ती साडेबत्तीस लाखांच्या घरात गेली. त्यांपैकी सुमारे २८ लाख बौद्ध महाराष्ट्रातील होते. २०११ च्या जनगणनेत ती ८४ लाखांवर पोहोचली. त्या वेळी देशाचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के असताना बौद्धांचे ८१ टक्क्यांहून अधिक होते. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या देशात ९४३, तर बौद्धांत ९६५ होती. १९४६ चे मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० चे औरंगाबादचे महाविद्यालय आणि पाटी-दप्तरासाठी पोटाला चिमटा घेणाऱ्या असंख्य माता, हे सर्व या आकड्यांच्या मागे उभे आहेत.

आजची कसोटी

आता तथागतांचे सात प्रश्न स्वतःला विचारू या. उत्तरे सोपी नाहीत.

आपण वारंवार जमतो, हे खरे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लोटणारा जनसागर शिस्तीने येतो आणि पुस्तकांचे गठ्ठे घेऊन परततो. ही जगाने पाहावी अशी गोष्ट आहे. परंतु आपण एकोप्याने जमतो काय? एका वस्तीत दोन मंडळे, दोन मिरवणुका आणि कित्येकदा दोन विहारे, असे चित्र का दिसते? जलशाने जेथे माणसांना शब्द दिले, तेथे आज कर्णकर्कश ध्वनिक्षेपकांनी शब्दच ऐकू येईनासे केले आहेत.

विवाहविधी आपण साधा केला. पण विवाह साधा राहिला काय? पाऊण तासाच्या विधीसाठी कर्ज काढून दिवसभराचा थाट होतो, आणि हुंडा नाव बदलून भेटवस्तूंच्या रूपाने परत येतो. जो दंडक पूर्वी गाव लादीत असे, तो आज बाजार लादीत आहे. गावाचा दंडक मोडताना आपल्याला मार सोसावा लागला, म्हणून तो दंडक आहे हे कळत होते. बाजाराचा दंडक हसतमुखाने येतो, म्हणून तो ओळखणे अधिक कठीण आहे. पोटजातीचा प्रश्न तर याहून गंभीर होय. जातीतच विवाह करणे हेच जातिव्यवस्थेचे मूळ, असे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले होते. दीक्षा घेतलेले घर स्थळ पाहताना पोटजात विचारीत असेल, तर त्या घराने नाव बदलले, आचार बदलला नाही, असे म्हणावे लागेल.

संख्येचाही विचार केला पाहिजे. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या सतरा टक्क्यांहून अधिक वाढली. बौद्धांची वाढ सुमारे सहा टक्के होती. सुशिक्षित कुटुंबे लहान होतात, हे एक कारण असणे स्वाभाविक आहे. परंतु धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिल्यास सवलती जातील, ही भीतीही अनेकांच्या मनात अजून आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या आहेत. कायदा पुढे गेला आणि सवय मागे राहिली, असे हे उलटे उदाहरण आहे. आपल्या आजोबांनी कायद्याआधी पाऊल टाकले; कायद्यानंतरही आपण पाऊल टाकू नये काय?

सिगालोवाद सुत्तातील सिगालक हा तरुण रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असे. कशासाठी, हे त्याला ठाऊक नव्हते. वडिलांनी मरताना सांगितले होते, एवढेच. तथागतांनी त्याला त्या दिशांचा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसे आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. आपली मुले पाली वंदना मुखोद्गत म्हणतात. तिचा अर्थ त्यांना विचारला तर किती जण सांगू शकतील? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. आपली बोलीभाषा आणि आपली धम्मभाषा एकाच दिवशी गौरविल्या गेल्या. हा गौरव विहारातील रविवारच्या वर्गात उतरला नाही, तर आपणही दुसऱ्या पिढीचे सिगालक ठरू.

वज्जींचे पुढे काय झाले, ते अट्ठकथेत सांगितले आहे. युद्धाने वज्जी जिंकता येणार नाहीत, हे वस्सकाराने गृध्रकूटावरच ओळखले होते. तो त्यांच्यात जाऊन राहिला, तीन वर्षे एकाच्या कानात दुसऱ्याविषयी कुजबुजत राहिला. अखेरीस अजातशत्रूची सेना आली तेव्हा वैशालीत सभेची भेरी वाजली, परंतु कोणीही जमले नाही. राज्य युद्धात पडले नाही. ते सवय मोडली तेव्हाच पडले होते.

भेरी आपल्याही विहारात दर आठवड्याला वाजते. उपासक-उपासिकांनी तेथे जमावे, लग्नाचा खर्च किती करावा यापासून जनगणनेत काय लिहावे येथपर्यंतचे निर्णय स्वतःच्या सभेत करावेत, आणि केलेले निर्णय पाळावेत. शंभर वर्षांपूर्वी निरक्षर माणसांनी एवढेच केले होते आणि तेवढ्यानेच इतिहास बदलला. उद्याचा समाज घडविण्यास याहून वेगळे साधन तेव्हा नव्हते आणि आजही नाही.